एसक्यूलाइट आणि फ्लटर: केळी शोधली, मिरी आली

फोंड्यातल्या एका बागायती मालाच्या व्यापाऱ्यासाठी मी फ्लटरमध्ये (गूगलच्या ॲप बांधायच्या साधनात) ॲप लिहितो. त्याची माणसं वाळपईच्या पुढे कुळागरांतून माल घेत फिरतात, आणि तिथे रेंज मिळाली तर मिळाली. म्हणजे सगळा हिशेब फोनमध्येच हवा. त्यासाठी एसक्यूलाइट (फोनमध्येच राहणारा छोटा डेटाबेस) घेतलं, पण अँड्रॉइडमधलं आयतं नव्हे. फोन बदलला की त्याची आवृत्तीही बदलते. मला सगळीकडे एकच हवी होती, म्हणून त्याचा सी भाषेतला कोड ॲपबरोबरच बांधला.

लायब्ररी म्हणून बोलायचं तर अव्वल. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेल्या या कोडवर कुणाचा कॉपीराइट नाही, पैसे नाहीत, आणि दोन लाखांवर ओळी असूनही सगळं एकाच सी फाईलमध्ये मिळतं. सीमेकमध्ये (सी कोड बांधणाऱ्या साधनात) तिचं नाव टाकलं की झालं. एनडीके (अँड्रॉइडसाठी सी कोड बांधायचा संच) मात्र आर२८ किंवा पुढचाच घ्या. प्ले स्टोअरला आता १६ केबी पेजवर (मेमरीच्या १६ केबीच्या तुकड्यांवर) चालणारी लायब्ररी लागते, आर२८ ती तशीच बांधून देतो.

खरी कटकट डार्ट (फ्लटरची भाषा) आणि सी यांच्या सांध्यावर. सीच्या बाजूला घेतलेल्या मेमरीकडे डार्टचा गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप सोडणारा) ढुंकूनही बघत नाही, ती आपणच सोडायची. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) चुकला तर ट्राय-कॅच (चूक पकडायची सोय) नुसता शोभेला. ॲप धाडकन बंद. त्यात आपली देवनागरी. ‘केळी’ची लांबी डार्ट ४ सांगतो, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) ती १२ बाइट भरते. बाइंड करताना (मजकूर एसक्यूलाइटच्या हाती देताना) लांबी बाइटमध्ये द्यायची असते. ४ दिलेत तर ‘क’ आणि मात्रेचा फुटका तुकडा, एवढंच आत जातं.

आणि शोध! एफटीएस५ मध्ये (एसक्यूलाइटच्या शब्दशोधात) ‘केळी’ टाकलं की ‘काळी मिरी’सुद्धा हजर. कारण त्याचा नेहमीचा युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानतच नाही, तिथे शब्द तोडतो. दोन्हींचं उरतं काय, तर क आणि ळ. (नारळ मात्र बरोबर सापडायचा, त्यामुळे गिऱ्हाइकाला सुरुवातीला पटेना.) उपाय एका ओळीचा: टोकनायझरच्या कॅटेगरीजमध्ये (शब्दात धरायच्या युनिकोड चिन्हगटांत) एल*, एन*, सीओ यांच्या जोडीला एमएन आणि एमसी (काना-मात्रांचे गट) घाला. ही ओळ टेबल तयार करतानाच द्यावी लागते. आधीचं टेबल असेल तर ते पाडून नव्याने भरा.