फिंच भांडतायत: मडकी काढायची, पिंजरा वाढवायचा की वेगळं करायचं?

पिंजऱ्यात चार झेब्रा फिंच आणि त्यातला एक नर दिवसभर बाकीच्यांच्या मागे. अशा वेळी तीन सल्ले हमखास मिळतात: मोठा पिंजरा घ्या, त्या दांडगटाला वेगळा काढा, नाहीतर दुसरी जात आणा. चौथा उपाय फुकटचा आहे, म्हणून कदाचित कुणी सुचवत नाही. घरट्यासाठी टांगलेली मडकी काढून टाका. माझा कौल आधी त्यालाच.

पण भांडण कितपत आहे ते नीट बघा. दांडीवरून एकमेकांना उठवणं, चोचीला चोच भिडवणं, क्षणभराचा पाठलाग, हे रोजचंच. मानेमागची किंवा शेपटीची पिसं उपटलेली दिसली, एखादा पक्षी तळाच्या कोपऱ्यात फुगून बसला किंवा त्याला दाण्याच्या वाटीपाशी येऊच दिलं जात नसेल, तर मामला गंभीर. रक्त दिसलं तर पुढचं वाचत बसू नका, जखमी पक्षी आधी वेगळा करा. जेमतेम 12 ग्रॅमचा तो जीव.

मडकी काढणं की मोठा पिंजरा?

झेब्रा फिंच ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भागात राहतो. तिथे पाऊस झाला, गवताला दाणा धरला की विणीला लागायचं; ठरावीक महिन्याची वाट बघायची नाही. आपण त्याला रोज उकडलेलं अंडं, मोड आलेलं धान्य आणि वर टांगलेलं मडकं देतो, म्हणजे त्याचा हंगाम बारमाही. मग नर चोचीत काथ्याचा धागा धरून मडक्याच्या तोंडाशी बसतो आणि दुसरा कुणी वीतभर जवळ आला की धागा टाकून त्याच्यावर धावतो. मडकी आणि काथ्या काढा, अंडं आणि मोड काही आठवडे बंद करा, राळा, बाजरी, थोडा हिरवा पाला आणि कटलबोन (कॅल्शियमसाठी चोचीने खरवडायचं समुद्री माकुळाचं कवच) एवढंच ठेवा. राखायला काही उरलं नाही की बहुतेक नर निवळतात. एखादी मादी दाण्याच्या वाटीतही अंडं घालेल, त्याची तयारी ठेवा. मडक्यात आधीच अंडी किंवा पिल्लं असतील तर मात्र ते हलवू नका. त्या जोडीला तिथेच राहू द्या आणि बाकीच्यांना दुसरीकडे न्या.

मोठ्या पिंजऱ्याला पैसे लागतात, जागाही लागते. गर्दीमुळे भांडण असेल तर तो उपयोगी पडतो, पण बघायची ती लांबी. फिंच आडवे उडतात, त्यामुळे उंच, गोल, शोभेचा पिंजरा त्यांच्या काही कामाचा नाही. एका जोडीला दोन फूट लांबी ही कमीत कमी. आणि चार फुटी पिंजऱ्यातही वाटी एकच आणि उंच दांडी एकच असेल, तर भांडण तसंच चालू राहील. वाट्या दोन्ही टोकांना, दांड्या सारख्या उंचीवर. नव्या पिंजऱ्याचा अर्धा फायदा तर सगळे एकदम नव्या जागी गेल्याने जुन्या हद्दी पुसल्या जातात, हा असतो. तो जुन्याच पिंजऱ्यात दांड्या इकडच्या तिकडे करूनही बऱ्यापैकी मिळतो.

संख्येचाही हिशोब आहे. दोन नर आणि एक मादी ठेवूच नका. एका पिंजऱ्यात दोन जोड्या हेही अडचणीचंच, कारण सगळा राग एकाच शेजाऱ्यावर निघतो. एक जोडी ठेवा, नाहीतर जागा असेल तर तीन किंवा जास्त.

वेगळं करायचं तर कुणाला?

आपला हात मार खाणाऱ्याकडे जातो. पण तो जखमी नसेल तर काढायचा दांडगटाला, नाहीतर तो दुसरं गिऱ्हाईक शोधतो. त्याची जोडी जमलेली असेल तर मादीही त्याच्याबरोबर न्या. एकटा झेब्रा दिवसभर हाका मारत बसतो. थोड्या दिवसांसाठी जाळीचं पार्टिशन उत्तम: खर्च कमी, आणि एकमेकांचा आवाज आणि सोबत राहते. पिल्लं हवीच असतील तर मात्र मी एका मोठ्या पिंजऱ्यापेक्षा जोडीगणिक वेगळा पिंजरा घेईन.

बाप स्वतःच्याच पिल्लांना झोडपत असेल तर तो खलनायक नाही, पुढच्या विणीची घाई आहे. पिल्लं स्वतः दाणे फोडून खायला लागली आणि काळ्या चोचीवर नारिंगी छटा आली की पिल्लं हलवा.

जात बदलणं

बंगाली फिंच खरोखर शांत. ही जात रानात सापडत नाही, माणसानेच पाळून घडवलेली आहे, आणि एकाच मडक्यात दाटीवाटीने झोपायला तिला आवडतं. पण तिला झेब्रासोबत ठेवून प्रश्न सुटत नाही. झेब्रा तिचं मडकं बळकावतो. गोल्डियन या रंगीत फिंचचंही तेच, शिवाय ती महाग. जावा स्पॅरो आकाराने मोठी, चोच जाड. तिला या छोट्यांत सोडू नका. आपल्याकडच्या लाल किंवा ठिपकेवाल्या मुनिया कुणी विकायला आणल्या तर घेऊ नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्या पाळता येत नाहीत.

वेगळ्या काढलेल्या नराला परत आत सोडायचं ते सुट्टीच्या दिवशी, सकाळी, दांड्या हलवून झाल्यावर. दुपारपर्यंत तो पुन्हा त्याच पक्ष्याच्या मागे लागला तर जाळी सरकवा आणि दुसऱ्या पिंजऱ्याची सोय बघा.