पोस्टाची सीनियर सिटिझन स्कीम: बाबांचे २४ लाख ठेवून सहा महिने झाले, त्याचा अनुभव

बाबा मे २०२५ ला रिटायर झाले, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत ३१ वर्षं काढली त्यांनी, वय ५८. जूनअखेर ग्रॅच्युइटी आली आणि जुलैच्या मध्यात पीएफ, सगळं मिळून ३३ लाखाच्या आसपास. ईपीएसची (पीएफसोबत मिळते ती) पेन्शन महिन्याला ३ हजाराच्या वर थोडी, बस्स. म्हणजे पुढचं सगळं आयुष्य या ३३ लाखांवर, आईबाबा दोघांचं, म्हणून हे पैसे कुठे ठेवायचे यावर मी जितका विचार केलाय तितका माझ्या स्वतःच्या लग्नाचा पण केला नव्हता. आता सहा महिने झालेत, जानेवारीचं व्याज पण आलं, म्हटलं लिहावं, कारण ज्यांच्या घरी कुणी यंदा रिटायर होतंय त्यांना उपयोग होईल.

आधी काय झालं ते सांगते. पीएफ ज्या बँकेत जमा झाला (नाव लिहीत नाही) तिथून तिसऱ्याच दिवशी फोन, सर एकदा ब्रँचला येऊन जा. बाबा गेले. तिथल्या रिलेशनशिप मॅनेजरने चहा पाजला आणि सांगितलं की सर एवढी मोठी रक्कम आलीय, टॅक्स बसणार, त्यामुळे लगेच टॅक्स सेव्हिंग करून टाका, गॅरंटीड प्लॅन आहे, ८०सी मध्ये (गुंतवणुकीवर टॅक्समध्ये सूट देणारं कलम) बसतो. बाबांनी २ लाखांचा चेक दिला आणि सही केली. वर्षाला २ लाख, दहा वर्षं भरायचे! ज्या माणसाचा पगार बंद झालाय त्याला दहा वर्षांचा हप्ता. मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरला घरी आले तेव्हा टेबलावर ती पॉलिसी दिसली आणि बाबा अगदी समाधानाने म्हणाले, टॅक्सचं काम झालं बघ.

आता यातलं मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की टॅक्स बसणारच नव्हता. पीएफ पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरीनंतर काढला की टॅक्स फ्री. ग्रॅच्युइटी खाजगी कंपनीत २० लाखापर्यंत टॅक्स फ्री, बाबांची त्याच्या आत. आणि बाबा इन्कम टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये (टॅक्स मोजायची नवी पद्धत) आहेत, तिथे ८०सी नाहीच मुळी, दीड लाख भरा नाहीतर पंधरा लाख भरा, एक रुपयाची सूट नाही. नव्या रिजीममध्ये २०२५-२६ पासून १२ लाखापर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो (शेअर आणि फंडाच्या कॅपिटल गेनला हा रिबेट लागत नाही, ते लक्षात ठेवा). बाबांचे एप्रिल-मेचे दोन पगार, पेन्शन आणि व्याज धरून १२ लाखाच्या जवळपास पण जात नाही. म्हणजे नसलेल्या टॅक्सची भीती घालून एका साध्या माणसाकडून दहा वर्षांची सही घेतली. मला अजून राग येतो.

नशिबाने पॉलिसी हातात येऊन आठ दिवसच झाले होते. ३० दिवसांचा फ्री लूक पिरियड असतो, आवडली नाही तर परत करता येते, स्टॅम्प ड्युटी आणि त्या दिवसांपुरतं विम्याचं थोडं कापून बाकीचे मिळतात. लेखी अर्ज दिला, पोच घेतली (पोच घ्याच), पैसे परत आले. कुणाच्या आईबाबांची अशी ताजी सही झाली असेल तर आज कागद काढून तारीख बघा, महिना उलटला की हा दरवाजा बंद.

आता स्कीमबद्दल. सीनियर सिटिझन्स सेव्हिंग्ज स्कीम, २००४ पासून आहे, पोस्टात मिळते आणि बऱ्याच बँकांत पण. व्याज ८.२ टक्के. कमीत कमी १ हजार, जास्तीत जास्त ३० लाख एका माणसाला, ही लिमिट एप्रिल २०२३ पासून, आधी १५ लाखच होती. मुदत ५ वर्षं, नंतर तीन-तीन वर्षांनी वाढवता येते. व्याज दर तीन महिन्यांनी, एप्रिल जुलै ऑक्टोबर जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी. आम्ही २४ लाख ठेवले, तिमाहीला ४९,२०० येतात, म्हणजे महिन्याला १६,४०० धरा. नवरा बायको दोघं पात्र असतील तर दोघांचं वेगळं खातं, ३० अधिक ३० होऊ शकतं. जॉइंट फक्त नवरा-बायकोतच होतं आणि पैसे सगळे पहिल्या नावाचे धरतात. आईचं वय ५४ आहे तरी जॉइंटला चाललं.

बाबा ५८ चे मग सीनियर कसे, हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला. ६० पूर्ण असेल तर कुणीही, पण ५५ ते ६० मध्ये रिटायर झालेल्यांना पण उघडता येतं, अट अशी, रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत. आधी ही मुदत एकच महिना होती, नोव्हेंबर २०२३ मध्ये वाढवली. सैन्यातल्यांना तर ५० पासून. ही तीन महिन्यांची गोष्ट फार लोकांना माहीत नाही, आमच्याच ओळखीत एकांनी पैसे वर्षभर सेव्हिंगला ठेवले, निवांत बघू म्हणून, आता ६० होईपर्यंत थांबायचं.

कागद: आधार, पॅन, फोटो, चेक, आणि ६० च्या आतल्यांना कंपनीचं सर्टिफिकेट. इथे आमचा एक हेलपाटा झाला, कंपनीच्या ऑफिसने नुसतं रिलीव्हिंग लेटर दिलं होतं, त्यात रिटायर झाले एवढंच, कुठल्या पदावर, किती वर्षं, रिटायरमेंटचे पैसे किती मिळाले यातलं काही नाही. पोस्टातल्या मॅडमनी ते लेटर चष्मा वर करून वाचलं, मग एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून दिल्या, काका हे एवढं सगळं लेटरहेडवर आणा, सही शिक्का दोन्ही पाहिजे. तो कागद घेऊन बाबा परत शिरोलीला गेले, दोन दिवसांत झालं. मॅडमनी आणखी एक केलं, व्याज जमा व्हायला पोस्टाचं साधं सेव्हिंग खातं पण त्याच दिवशी उघडून दिलं, ५०० रुपयात. रोख फक्त १ लाखाच्या आतच चालते, वर असेल तर चेक, आणि चेक वटेल ती तारीख खात्याची तारीख. सगळं मिळून तीन फेऱ्या. मोबाईलवर पाच मिनिटांत होणारं काम हे नाही, वेळ काढून जा, आणि बाबांसारखं कुणी असेल तर पहिल्या फेरीला सोबत जा.

आता टॅक्स, कारण इथेच सगळे फसतात. व्याज टॅक्स फ्री नाही, पूर्ण करपात्र आहे. वर्षाला १ लाखाच्या वर व्याज गेलं की टीडीएस (हातात यायच्या आधीच कापलेला टॅक्स) कापतात, पण ही १ लाखाची लिमिट ६० वरच्यांना. बाबांचं खातं सीनियर सिटिझन स्कीमचं, पण इन्कम टॅक्सच्या हिशोबाने बाबा अजून सीनियर नाहीत! त्यांना लिमिट ५० हजार, टीडीएस कापू नका म्हणून द्यायचा फॉर्म तेव्हा १५एच (६० वरच्यांचा) नाही तर १५जी, आणि ८०टीटीबीची ५० हजाराची व्याजाची सूट पण ६० झाल्यावरच (ती सुद्धा जुन्या रिजीममध्येच). मी स्वतः १५एच प्रिंट करून नेला होता, मॅडमनी जन्मतारीख बघून बाजूला ठेवला आणि १५जी दिला. टॅक्स शून्य होणार असेल तर हा फॉर्म दर आर्थिक वर्षाला नव्याने द्यायचा, एकदा दिला म्हणजे झालं असं नाही. विसरलात तर १० टक्के कापून जातात आणि मग रिटर्न भरून रिफंडची वाट बघत बसायचं.

प्रत्येकाला हे सारखंच फायद्याचं आहे का, तर नाही. आमच्या शेजारचे काका सरकारी नोकरीतून रिटायर झाले, पेन्शन दणदणीत आणि वर दोन भाडी येतात. त्यांना जुन्या रिजीममध्ये २० टक्क्यांचा स्लॅब लागतो, तिथे सेस धरून हे ८.२ हातात साडेसहाच्या आसपास येतात. त्यांना ८०सी मध्ये दीड लाखाची सूट मिळेल, ती पण पैसे भरले त्या एकाच वर्षी, आणि पाच वर्षांच्या आत मोडलं तर घेतलेली सूट उत्पन्नात परत धरतात. त्यांनी आधी दोन्ही रिजीमचा हिशोब कागदावर मांडावा मग ठरवावं, मी त्यांना तेच सांगितलं. बाबांसारख्या माणसाला, ज्याची पेन्शन नावाला आहे आणि टॅक्स शून्य, त्याला ८.२ म्हणजे पूर्ण ८.२ हातात. तेव्हा कुठल्या कलमाखाली काय बसतं ते मागनं, आधी माणसाला वर्षाला मुळात टॅक्स किती लागतो ते बघा.

कमतरता पण सांगते. व्याज पाच वर्षं तेवढंच राहणार, गॅस वाढेल औषधं वाढतील, १६,४०० चे १६,४०० च. तिमाहीचं व्याज काढलं नाही तर त्यावर व्याज मिळत नाही, त्यामुळे पडून ठेवू नका. मध्येच मोडलं तर दोन वर्षांच्या आत दीड टक्का, दोन ते पाच वर्षांत एक टक्का मुद्दलातून कापतात, आणि पहिल्या वर्षात मोडायचा विचार पण नको. व्याज पण तीन महिन्यांनी येतं, घरखर्च महिन्याला असतो, आईला सुरुवातीला हे झेपेना. म्हणून ३ लाख पोस्टाच्याच मंथली इन्कममध्ये टाकले, ७.४ टक्के, महिन्याला १,८५० येतात, त्यात दूध आणि लाइट बिल निघतं. ६ लाख बँकेत, आजारपणाला, हात लावायचा नाही.

दर मात्र उघडताना असतो तो पाच वर्षं पक्का, सरकार दर तिमाहीला बदलू शकतं पण तुमचा बदलत नाही. याची दुसरी बाजू मावशीने अनुभवली, तिने २०२१ ला १० लाख ७.४ ने ठेवले आणि २०२३ ला दर ८.२ झाला, तिचा तसाच. दोन वर्षं झालेली, तिने एक टक्का म्हणजे १० हजार सोडून ते मोडलं आणि नवीन उघडलं, वर्षाला ८ हजार जास्त, उरलेल्या तीन वर्षांत २४ हजार. पाच वर्षांचं लॉक नव्याने सुरू झालं ते वेगळं, पण तिला चाललं.

आणि पतसंस्थेबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे कुणी रिटायर झालं की ओळखीचा कुणीतरी येतोच, आमच्या पतसंस्थेत ठेवा, दहा टक्के देतो. बँकेत (सहकारी धरून) ५ लाखापर्यंत ठेवीला विमा असतो, पतसंस्थेला तो विमा लागूच नाही. पोस्टाच्या मागे भारत सरकार आहे, ३० लाख असो की १ हजार. बाबांच्या मित्राचे पैसे अशाच एका ठिकाणी अडकलेत, दर महिन्याला जातात, दर महिन्याला पुढची तारीख मिळते. पावणेदोन टक्क्यांसाठी या वयात ते नको.

मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कमी तो वाढत्या महागाईला यात काही उत्तर नाही म्हणून. ऑक्टोबरचं पहिलं व्याज दिवसांच्या हिशोबाने कमी होतं, तेव्हा बाबा गप्प होते. जानेवारीत पासबुक छापून आणलं, ४९,२०० ची पूर्ण ओळ, शाई जरा पुसट. बाबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मग त्यातले १६ हजार मोजून आईच्या हातात दिले, अगदी पगाराच्या दिवशी द्यायचे तसे, आणि आईने ते कपाटातल्या त्याच जुन्या डब्यात ठेवले.