प्रीपेड घ्यावं की पोस्टपेड?

भारतात दहातले नऊ मोबाइल ग्राहक प्रीपेडवाले. कारण उघड आहे: आधी पैसे, मग बोलणं, बिलाची धास्ती नाही. सांगितलेली किंमत जीएसटी धरूनच असते. पोस्टपेडच्या भाड्यावर मात्र 18 टक्के वेगळे चढतात, आणि ते बऱ्याच जणांना पहिलं बिल आल्यावरच कळतं.

प्रीपेडची खरी मेख आहे प्लॅनच्या 28 दिवसांच्या मुदतीत. 28 गुणिले 13 म्हणजे 364. थोडक्यात, वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज! 2022 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना किमान एक 30 दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या ठरल्या तारखेचा प्लॅन ठेवायला लावला. आता तो ॲपमध्ये शोधून काढायचा, ही गोष्ट वेगळी.

पोस्टपेडमध्ये मुदत संपून ऐन वेळी ओटीपी अडकण्याची कटकट नाही आणि घरातले चार नंबर एका बिलात बसतात. कंपनी बदलायची असेल तर आधी थकबाकी चुकती करा, नाहीतर पोर्टिंगचा अर्ज फेटाळला जातो.

माझं मत विचाराल तर चौघांच्या कुटुंबाला पोस्टपेड. फक्त इनकमिंगपुरत्या ठेवलेल्या दुसऱ्या सिमला लांब मुदतीचं प्रीपेड पुरे.