पांढऱ्या गाडीचे पॉलिश आणि सिरॅमिक कोटिंग: रत्नागिरीतील सहा महिन्यांचा अनुभव

गुढीपाडव्याला आमच्याकडे पांढरी हॅचबॅक आली. गाडी ताब्यात देताना विक्रेत्याने 'टेफ्लॉन'चे एक पॅकेज पुढे केले होते, ते मी नाकारले. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई; त्याचा वितळणबिंदू सुमारे ३२७ अंश सेल्सिअस आहे आणि डोशाच्या तव्यावर तो पक्का बसतो तो कारखान्यातील भट्टीच्या उष्णतेमुळे. बॉनेटवर फडक्याने पुसून लावलेल्या द्रवातून तो तसाच बसेल, हे मला पटेना. चौकशी करत शेवटी कुवारबावच्या बाजूला असलेल्या एका लहान डिटेलिंग स्टुडिओत, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई व पॉलिश करणाऱ्या दुकानात, गेलो आणि पॉलिश व सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पातळ संरक्षक थर) असे दोन्ही मिळून १६ हजार रुपयांत ठरले. आता त्याला सहा महिने झाले असून मधे एक अख्खा पावसाळा गेला आहे, त्यामुळे या कामाविषयी काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते.

स्टुडिओच्या मालकाने पहिल्याच भेटीत कोटिंगचा विषय बाजूला ठेवला. "काका, गाडी पांढरी आहे, डोळ्यांना काही कळणार नाही. धुऊन झाली की हात फिरवून बघा," असे म्हणून त्याने माझ्या हातात प्लॅस्टिकची एक पातळ पिशवी घातली. धुतलेल्या, वरवर स्वच्छ दिसणाऱ्या बॉनेटवरून तो हात फिरवला तेव्हा रव्यावरून फिरवल्यासारखे लागले. वीस दिवसांच्या गाडीवर एवढे काय बसले असेल, याचे उत्तर पुढच्या दहा मिनिटांत मिळाले. त्याने आयर्न रिमूव्हरचा फवारा मारला आणि मागचा दरवाजा, बंपर व चाकांच्या वरचा भाग यांवरून जांभळे ओघळ वाहू लागले. रंगात रुतलेल्या लोखंडाच्या बारीक कणांशी या द्रवाची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून तो जांभळा होतो. हे कण ब्रेकच्या झिजेतून, रेल्वेच्या रुळांवरून, कुठे लोखंड कापण्याचे काम चालले असेल तर तिथून येतात आणि नवी गाडी ट्रेलरवर व यार्डात उभी असतानाच ते बसायला सुरुवात होते. काळ्या गाडीवर ते दिसत नाहीत, पांढऱ्यावर मात्र काही महिन्यांत गंजून नारिंगी ठिपके होतात आणि मालक त्याचा दोष कोकणच्या तांबड्या मातीला देत बसतो. जांभ्याची धूळ पाण्याच्या धारेने निघून जाते, हे कण जात नाहीत.

दुसरा त्रास पूर्णपणे आमचा होता. गाडी पहिले दोन आठवडे अंगणातल्या हापूसखाली उभी होती आणि तुडतुड्यांचा चिकटा टपावर पडून त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरू लागली होती. तो कोमट पाण्याच्या शाम्पूने मऊ करून काढला, उरलेला खरखरीतपणा क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने, भरपूर ओलावा ठेवून ओढून घेतला. या सगळ्याला जवळजवळ पाऊण दिवस गेला आणि माझ्या मते दिलेल्या पैशांचा सर्वांत चांगला मोबदला याच पाऊण दिवसात मिळाला.

त्यानंतर रंगाची जाडी मोजली. कारखान्यातील रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आमच्या बॉनेटवर १०८, टपावर ११२ असे आकडे आले आणि डाव्या मागच्या दरवाज्यावर एकदम २३०. आकडा दुप्पट आला की त्या भागाला दुसऱ्यांदा रंग लागला असल्याची दाट शक्यता असते. म्हणजे 'कोरी करकरीत' म्हणून पेढ्यांसह ताब्यात दिलेल्या गाडीचा दरवाजा आधीच कुठेतरी घासला जाऊन दुरुस्त झाला होता. विक्रेत्याकडे विचारणा केली, तेव्हा आधी नकार, मग मौन आणि शेवटी फुकट सर्व्हिसिंगचे आश्वासन असा प्रवास झाला. नवी गाडी घेणाऱ्यांनी ताबा घेण्यापूर्वीच हे मापन करून घ्यावे. यंत्र लहानसे असते आणि काम पाच मिनिटांचे. प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र हे यंत्र चालत नाही, कारण त्याला खाली धातू लागतो.

पॉलिश करताना त्यांनी पहिल्या पॅडकडे मला मुद्दाम पाहायला लावले. पॅडवर पांढरा रंग उतरला असता तर वर पारदर्शक क्लिअर कोट नाही, थेट रंगालाच घासले जात आहे, असा त्याचा अर्थ झाला असता. पॅड पांढरे झाले नाही. क्लिअर कोट साधारण ४० मायक्रॉनचा असतो आणि कंपाउंड, म्हणजे भरड पॉलिश, लावून जोरात घासल्यास त्यातील काही मायक्रॉन कायमचे जातात, ते परत येत नाहीत. नव्या गाडीवर कंपाउंड वापरू नये असा मालकाचा आग्रह होता. ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड एकाच वेळी दोन प्रकारे फिरवणाऱ्या, मशिनवर मऊ फोमचे पॅड आणि बारीक पॉलिश, एवढ्यावर त्याने भागवले. ताबा देण्यापूर्वी विक्रेत्याकडे कोरड्या फडक्याने पुसल्यामुळे पडलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे त्यातच बहुतांश गेले. दोन खोल ओरखडे त्याने राहू दिले आणि तसे स्पष्ट सांगितले. चार पैसे जास्त घेऊन तेही घासून काढणारे पुष्कळ भेटतील.

पांढऱ्या गाडीकडून चकाकीची अपेक्षा किती ठेवावी, हे इथेच सांगितले पाहिजे. क्लिअर कोटवर समोरून पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ४ टक्केच आरशासारखा परत फिरतो, मग खालचा रंग कोणताही असो. काळ्या गाडीत हा ४ टक्के प्रकाश अंधारातल्या दिव्यासारखा उठून दिसतो. पांढऱ्या रंगातील टायटॅनियम डायऑक्साइड मात्र बाकीचा प्रकाश सगळीकडे उधळून देतो आणि त्या झगमगाटात आरसेपण बुडून जाते. म्हणून पांढऱ्या गाडीचे तेज रंगाच्या खोलपणात दिसत नाही, ते ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाची कड किती धारदार आहे त्यावर ओळखायचे. आमच्या गाडीत पॉलिशनंतर ही कड लख्ख सरळ झाली होती. कोटिंग लावल्यावर त्यात मला फारसा फरक जाणवला नाही, आणि जो जाणवला तो कदाचित १६ हजार खर्च केलेल्या माणसाच्या नजरेचा असावा. उलट काळे प्लॅस्टिक, काचांची रबरे आणि टायर काळेभोर करून दिल्यावर शेजारचा पांढरा रंग एकदम उजळला. निम्मी शोभा तर त्या काळ्यामुळेच आली.

कोटिंग सिलिकावर आधारलेले होते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत ९एच लिहिलेले असते आणि ग्राहकाला ते हिऱ्याच्या जवळपासचे काहीतरी वाटते. प्रत्यक्षात ती पेन्सिलीच्या कठीणपणाची मोजणी आहे. स्कूटरची किल्ली या थरालाही ओरखडते आणि हातखंब्याच्या वाटेवर ट्रकमागून उडालेली खडी तर त्याला अजिबात जुमानत नाही. खडीसाठी १५० मायक्रॉनच्या वर जाडी असलेली पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्मच हवी, तिचा खर्च कित्येक पटींनी जास्त. स्टुडिओच्या भिंतीवर 'खाऱ्या हवेपासून संपूर्ण संरक्षण' असा फलक होता, तो मला खटकला. खाऱ्या हवेचा घाव धड रंगावर बसत नाही. रंग टवकून उघड्या पडलेल्या पत्र्यावर आणि गाडीच्या पोटाखाली तो बसतो, आणि तिथे हे कोटिंग पोचतच नाही. मालकाला हे बोलून दाखवल्यावर तो हसला, पण फलक अजून तिथेच आहे.

आणखी एक तक्रार आहे. ही कोटिंगे हवेतील ओलाव्याने सुकतात, त्यामुळे किनाऱ्यावरच्या दमट हवेत ती वेगाने पकडतात आणि थर लावल्यावर पुसायला उशीर झाला तर डाग राहतो. त्यांनी वातानुकूलित खोलीत एकेक पत्रा अर्धा अर्धा करून काम केले, हे योग्यच होते, तरी मागच्या बंपरवर नंबरप्लेटच्या वर तळहाताएवढा इंद्रधनुषी पट्टा राहिलाच. दोन दिवसांनी तो माझ्या लक्षात आला तोवर थर घट्ट झाला होता. त्यांनी विनातक्रार परत बोलावून तेवढा भाग पॉलिश करून पुन्हा लावून दिला, तरी तिरक्या उन्हात त्याची कड अजून दिसते. शिवाय दरवाज्यांच्या रबरांत पॉलिशची पांढरी पूड राहिली होती, ती मी घरी जुन्या टूथब्रशने काढली. बिलावर वापरलेल्या कोटिंगचे नाव लिहिलेले नव्हते, मागितल्यावर लिहून दिले. ते आधीच असायला हवे होते.

कोटिंगचा खरा उपयोग जूनपासून कळला. पाण्याचे थेंब गोळा होऊन ओघळतात, चिखल चिकटून बसत नाही आणि आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाऊन आल्यावर पूर्वीची गाडी धुवायला अर्धा तास लागायचा, तिथे आता दहा-बारा मिनिटे पुरतात. पक्ष्यांची विष्ठा आणि आंब्याचा चीक मात्र अजूनही तासाभरात काढावा लागतो. उन्हात वाळलेल्या बोअरवेलच्या पाण्याचे डागही पडतात, किंबहुना थेंब उभे राहत असल्याने गोल गोल उठून दिसतात. धुतल्यावर लगेच जाड मायक्रोफायबरने टिपून घेणे, आणि धुण्यासाठी शाम्पूची व खंगाळण्याची अशा दोन वेगळ्या बादल्या ठेवणे, एवढी शिस्त मी पाळतो. कार्नौबा मेणाचा पर्यायही वाईट नाही. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांवरचे ते मेण हाताने लावता येते आणि स्वस्त पडते, पण आमच्याकडच्या पावसात ते दर महिना-दीड महिन्याने पुन्हा लावावे लागले असते आणि तेवढा उत्साह माझ्यात नाही.

पुढच्या मे महिन्यात त्याच स्टुडिओत पुन्हा जाणार आहे, फक्त लोखंडाचे कण काढण्याच्या धुलाईसाठी. मालकाने त्याचे १,८०० रुपये सांगितले आहेत आणि कोटिंगचा नवा थर दोन वर्षे तरी लागणार नाही, असेही आपणहून सांगितले आहे. गाडी आता हापूसखालून हलवून पडवीलगतच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते.