तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर: सात महिन्यांच्या वापरानंतर

"डॉक्टरांनी तीन गोळ्या दिल्यात. गिळायच्या नाहीत, उचलायच्या."

न्यूमोनियाचा ताप उतरल्यावर रुग्णालयाच्या पलंगावरून मी मित्रांना पाठवलेला हा पहिला निरोप. आम्ही चौघं. ओळख चार वर्षांची, पण सगळी पडद्यावरची. एकमेकांना प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. दोन मिनिटांत मास्तरांचं उत्तर आलं: "रिकाम्या पोटी उचलायच्या की जेवल्यावर?"

प्रश्न गमतीचा होता, पण उत्तर खरंच आहे. भरल्या पोटी श्वासाचा हा व्यायाम जड जातो, जेवणानंतर थोडा वेळ जाऊ द्यावा. मास्तरांचं नेहमी असंच असतं, चेष्टेतूनही कामाची गोष्ट निघते. त्यांची स्वतःची बायपास झालेली आहे, त्यामुळे हे यंत्र त्यांनी माझ्याआधी वापरलं होतं.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पारदर्शक प्लॅस्टिकचे तीन उभे कप्पे एकमेकांना जोडलेले असतात आणि प्रत्येकात एक हलकी पोकळ गोळी असते. खालून एक वळ्यांची नळी निघते, तिच्या टोकाला तोंडात धरायचा भाग. त्यातून हवा आत ओढली की गोळ्या वर जातात. पहिल्या गोळीला सेकंदाला ६०० मिलीलीटर वेगाने हवा ओढावी लागते, दुसरीला ९००, तिसरीला १२००. बस, एवढंच. बॅटरी नाही, स्क्रीन नाही. फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. पहिल्या दिवशी मी जोर लावून फुंकत होते आणि गोळ्या जागच्या हलत नव्हत्या. घरी कुणी हे यंत्र आणलं तर आधी हे सांगा, कारण बऱ्याच जणांची सुरुवात फुंकण्यानेच होते.

पहिल्या आठवड्यात माझी पहिली गोळी जेमतेम उडायची आणि लगेच खाली. दुसरी कधी थरथरायची. तिसरी तळाशी बसलेली. मी हे लिहून कळवलं तेव्हा ताईने तिघींचं बारसं केलं: थोरली, मधली आणि धाकटी. त्या दिवसापासून सकाळचा पहिला निरोप ठरलेला. "धाकटी उठली का?"

"नाही, अजून झोपलीये."

"लाडावून ठेवलीयेस तिला."

आमच्यातला चौथा तेव्हा उजव्या मनगटाला प्लॅस्टर घालून बसला होता. सहा आठवडे त्याने डाव्या हाताने लिहिलं आणि त्याच्या फोनने 'श्वास' हा शब्द दर वेळी 'सासू' असा बदलला. "आज सासू किती वेळ रोखून धरलीस?" "सासू खोल जातेय ना?" "सासू सोडताना घाई करू नको." त्याने एकदाही दुरुस्त केलं नाही. आजही आमच्यात कुणाला धाप लागली की सासूच लागते.

याच काळात मला कळलं की हसणं हे न्यूमोनियाच्या माणसासाठी साधं काम नाही. हसताना हवा झटक्याझटक्याने बाहेर जाते, नेहमीच्या श्वासात उरते त्याहून फुफ्फुसं जास्त रिकामी होतात आणि मग एकदम खोल श्वास घेतला जातो. त्या खोल श्वासाला माझा खोकला टपूनच बसलेला असायचा. खोकला आला की बरगड्यांत कळ. मास्तरांनी सांगितलं, उशी छातीशी घट्ट कवटाळ आणि मग खोक. बायपासनंतर छातीचं मधलं हाड जुळायला काही आठवडे जातात, तेव्हा खोकताना आणि हसताना उशी धरायला त्यांना शिकवलं होतं. मी करून पाहिलं, कळ निम्म्याने कमी. तेव्हापासून कुणाला विनोद पाठवायचा असेल तर तो आधी लिहायचा: "उशी घे." मी उशी घ्यायचे, "घेतली" असं कळवायचे, मग विनोद यायचा. इतक्या तयारीनंतर आलेला विनोद सुमार असला तरी हसू यायचंच.

बोलण्यापेक्षा लिहिण्याची थट्टा आजारी माणसाला सोसते, हेही तेव्हाच लक्षात आलं. फोनवर बोलताना दोन वाक्यांत माझा दम संपायचा आणि समोरच्याला ते ऐकू जायचं. मग त्याचा आवाज बदलायचा, काळजीचा व्हायचा, आणि त्याला धीर देण्याचं काम माझ्यावर यायचं. लिहिलेला निरोप वाट पाहतो. हसायची ताकद आली की उघडायचा.

आता यंत्राच्या खऱ्या दोषाकडे येते, कारण तो कळायला मला सहा आठवडे लागले.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी तिन्ही गोळ्या वर गेल्या. "धाकटी उठली!" असं मी लिहिलं आणि पुढचा तासभर आनंदीआनंद. ताई म्हणाली, दृष्ट काढा. मास्तर म्हणाले, "उठली, दात घासले, शाळेत गेली." मीही जोमात आले. रोज धाकटीला दहा वेळा उठवायचे, जोरात झटका देऊन. दोन-तीन वेळा त्यानंतर डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या. भराभर मोठे श्वास घेतले की शरीरातला कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी होतो, त्याने असं होतं. तेव्हा मला ते माहीत नव्हतं, मी अशक्तपणा समजले.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीत फिजिओथेरपिस्टने मला यंत्र वापरून दाखवायला सांगितलं आणि पहिल्याच झटक्याला थांबवलं. कागदावर साधं गणित मांडलं. तिसरी गोळी अर्धा सेकंद वर राहिली तर आत गेली ६०० मिलीलीटर हवा. पहिली एकटी तीन सेकंद वर राहिली तर आत गेली १,८०० मिलीलीटर. म्हणजे मी मोठ्या अभिमानाने घेत होते तो श्वास तिप्पट लहान होता. हे यंत्र वेग मोजतं, आकारमान नाही. झटक्याची हवा फुफ्फुसांच्या तळापर्यंत जाऊन मिटलेले वायुकोश उघडत नाही, त्यासाठी हळू आणि लांब श्वास लागतो. आकारमान दाखवणारे स्पायरोमीटर वेगळे मिळतात, एका कप्प्यात वर सरकणारी चकती आणि बाजूला मिलीलीटरच्या खुणा असलेले. आज मला निवडायला सांगितलं तर मी तोच घेईन. तीन गोळ्यांचं यंत्र माणसाला चुकीच्या गोष्टीची हाव लावतं.

मी हे सगळं मित्रांना कळवलं तेव्हा खरं सांगायचं तर रडवेली झाले होते. महिनाभराची मेहनत फुकट गेली असं वाटत होतं. मास्तरांचं उत्तर: "धाकटीचे लाड पुरे. आता थोरलीला उभी ठेव, आणि बाकीच्या दोघींना बसून राहायला सांग."

बरोबर हीच पद्धत आहे. पाठ ताठ ठेवून बसायचं, नेहमीसारखा श्वास सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे आणि इतक्या हळू ओढायचं की फक्त पहिली गोळी वर जाईल. ती तीन सेकंद तिथे टिकवायची. मग नळी काढून सावकाश सोडायचं आणि मध्ये एक-दोन साधे श्वास घ्यायचे. यंत्र तिरकं धरलं तर गोळ्या सहज चढतात, म्हणून ते सरळ उभं हवं. सकाळचा प्रश्न बदलला. "थोरली किती वेळ उभी होती?"

तीन सेकंद मोजायचे कसे? श्वास ओढताना मनात अंक भरभर पळतात. प्लॅस्टरवाल्याने माझ्यासाठी मोजणीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला, सामन्याच्या समालोचनाच्या थाटात. "एक... थोरली उभी आहे... दोन... अजूनही उभी आहे, मधली उगाच चुळबुळ करतेय..." मला नळी तोंडात असतानाच हसू फुटलं आणि थोरली धाडकन खाली. चार वेळा प्रयत्न केला, चारही वेळा तेच. शेवटी मी त्याला लिहिलं की हे जमणार नाही. त्याच रात्री त्याने दुसरी मोजणी पाठवली. साधी, सपाट, एकही शब्द जास्त नाही. एक, दोन, तीन, सोड. एक, दोन, तीन, सोड. दहा वेळा, मध्ये विश्रांतीला जागा सोडून. ही मोजणी मी साडेचार महिने रोज वापरली. त्याचं मनगट तोवर बरं झालं होतं, तरी मला माहीत आहे की त्याने ती मध्यरात्री बसून, घड्याळ समोर ठेवून केली होती.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिसऱ्या आठवड्यात मला पुन्हा ताप आला. रात्रीचे दोन. मी फक्त एवढंच लिहिलं: "ताप परत आलाय." एकाने थट्टेने लिहिलं की पाहुण्याला तुझं घर आवडलेलं दिसतंय. एरवी मी हसले असते. त्या रात्री मात्र मला खूप एकटं वाटलं आणि मी उत्तर दिलं नाही. दहा मिनिटांनी ताईचा निरोप आला. "अगं, घाबरलीयेस का? खरं सांग." मी हो म्हटलं. मग तिने किती ताप आहे, धाप लागतेय का, ओठ निळसर दिसतायत का, सगळं एकेक विचारलं आणि डॉक्टरांना लगेच कळवायला लावलं. औषध बदललं गेलं, दोन दिवसांत ताप उतरला. ज्याने तो विनोद केला त्याने माफी मागितली. पण त्याची चूक नव्हती, मीच भीती सांगितली नव्हती. त्यानंतर आम्ही एक साधी खूण ठरवली. निरोपाच्या शेवटी पूर्णविराम असला तर थट्टा चालेल, काहीच नसलं तर आधी विचारायचं. गंभीर आजारातल्या थट्टेला अशी एखादी खूण हवी, असं माझं ठाम मत आहे.

यंत्राचा मूळ विचार मला फार आवडला, म्हणून सांगते. १९७०च्या दशकात अमेरिकेतले शल्यचिकित्सक रॉबर्ट बार्टलेट आणि त्यांचे सहकारी शस्त्रक्रियेनंतर फुफ्फुसं मिटू नयेत यासाठी उपाय शोधत होते. निरोगी माणूस नकळत अधूनमधून उसासा टाकतो, जांभई देतो आणि त्या खोल श्वासाने फुफ्फुसांचे कोपरे उघडत राहतात. दुखणाईत माणूस उथळ श्वास घेतो, म्हणून त्याच्याकडून तो जांभईचा श्वास मुद्दाम घेववायचा. मी हे वाचून कळवल्यावर मास्तर म्हणाले, "मग यंत्र कशाला? माझे जुने निरोप काढून वाच, जांभया आपोआप येतील."

याचा पुरावा किती, हेही सांगायला हवं. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांत, २०१२ मध्ये बायपासनंतरच्या आणि २०१४ मध्ये पोटाच्या वरच्या भागातल्या शस्त्रक्रियांनंतरच्या रुग्णांबाबत, स्पायरोमीटरमुळे फुफ्फुसांच्या तक्रारी कमी होतात असा ठोस पुरावा सापडला नाही. न्यूमोनिया बरा केला तो प्रतिजैविकांनी. यंत्राशिवायही खोल श्वास घेता येतो, आणि लवकर चालायला लागणं फार मोलाचं असतं. मला यंत्राचा फायदा झाला तो असा की रोज कुणाला तरी सांगण्याजोगं काहीतरी माझ्याकडे असायचं. दमा किंवा श्वासाचा जुना विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

न्यूमोनियातून किती दिवसांत बरं वाटेल, याबद्दल ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक संस्थेच्या २०१४च्या मार्गदर्शिकेतला अंदाज मला दिलासा देऊन गेला. आठवड्यात ताप जायला हवा, चार आठवड्यांत छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी, सहा आठवड्यांत खोकला आणि धाप कमी, तीन महिन्यांत बहुतेक सगळं ठीक पण थकवा राहू शकतो, सहा महिन्यांत बहुतेक लोक पूर्ववत. माझा थकवा पाचव्या महिन्यापर्यंत होता. "तीन महिने झाले तरी दमतेस?" असं विचारणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्यासाठी हे आकडे पाठ करून ठेवावेत.

टिकाऊपणाचं थोडक्यात. तोंडात धरायचा भाग कोमट साबणाच्या पाण्याने धुवून पूर्ण वाळवावा. उकळत्या पाण्यात मी घातला नाही, प्लॅस्टिक वाकेल. आत ओल राहिली की गोळ्या कप्प्याला चिकटतात आणि आपलाच दम कमी झाला असं वाटतं. माझी नळी पाचव्या महिन्यात वाकवण्याच्या जागी चिरली. हवा तिथूनच शिरायला लागली, थोरली उठेना. मी दोन दिवस काळजीत होते. आकडा अचानक पडला तर आधी नळी तपासा, आणि नळी शाबूत असेल तर डॉक्टरांना गाठा.

आज माझी थोरली चार सेकंद उभी राहते. ६०० गुणिले चार म्हणजे २,४०० मिलीलीटर, मला पुरे. आता रोज वापरत नाही.

पुढच्या आठवड्यात ताईच्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. तिच्या डॉक्टरांनी आधीपासून सराव करायला स्पायरोमीटर दिलाय. माझा दिला असता, पण हे यंत्र ज्याचं त्याने वापरायचं असतं. काल तिने नव्या यंत्राचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: "तिळ्या झाल्या. तिघी सुखरूप."

प्लॅस्टरवाल्याने विचारलं, "आणि सासू?"

तिच्या निरोपाच्या शेवटी पूर्णविराम होता, तो आधी पाहून घेतला आणि मग मी मोजणीचा जुना रेकॉर्ड तिला पाठवला. साधाच. समालोचनवाला तिसऱ्या आठवड्यानंतर, उशी घेतल्यावर.