ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी: एका शब्दाचे अनेक अर्थ शोधताना कितपत कामाची?

‘लोन सँक्शन झालं’ म्हणजे मंजूर झालं, आणि ‘रशियावर सँक्शन्स’ म्हणजे निर्बंध. हे जवळजवळ उलटे अर्थ वेगळे करायला छोटा इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही. तिथे बहुतेकदा ‘मंजुरी, दंड, निर्बंध’ असे प्रतिशब्द एका ओळीत दिलेले असतात. कुठला कधी घ्यायचा, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. ए. एस. हॉर्नबी यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी रचलेला आणि ऑक्सफर्डने १९४८ मध्ये काढलेला हा कोश नेमकं हेच ठरवायला मदत करतो. दहावी आवृत्ती २०२० ची आहे आणि तो संकेतस्थळावर फुकट पाहता येतो.

सँक्शनची नामाची नोंद उघडा. निर्बंधांच्या अर्थाआधी चौकटी कंसात खूण आहे: मोजता येणारं नाम, बहुधा अनेकवचनी. मंजुरीच्या अर्थाला मात्र न मोजता येणाऱ्या नामाची खूण आहे. म्हणजे बातमीत ‘सँक्शन्स’ दिसलं की मंजुरी हा अर्थ बादच. ओव्हरसाइटचंही तसंच: आधी ‘ॲन’ असेल तर नजरचूक, देखरेखीच्या अर्थाने हा शब्द मोजला जात नाही. बहुतेक विद्यार्थी या बारीक खुणा ओलांडून थेट व्याख्येकडे जातात, आणि चुकीचा अर्थ तिथेच घेतला जातो.

लांब नोंदींत प्रत्येक अर्थगटाच्या डोक्यावर एक-दोन शब्दांचं ठळक शीर्षक असतं. ‘बेअर’ हे क्रियापद घ्या: सोसणं, खर्च उचलणं, वजन पेलणं, मूल होणं, डावीकडे किंवा उजवीकडे वळणं. पहिल्या अर्थापासून वाचत बसू नका. आधी वाक्यात शब्द नाम आहे की क्रियापद ते ठरवा, कारण त्यांची पानं वेगळी आहेत. मग फक्त शीर्षकांवरून नजर फिरवा, जुळणाऱ्या एक-दोन गटांतली उदाहरणं वाचा आणि आपल्या वाक्याची रचना त्यांच्याशी ताडून पाहा. क्रियापदानंतर ‘आउट’ किंवा ‘विथ’ असेल, तर वरच्या अर्थांत शोधूच नका. पानाच्या तळाशी फ्रेझल व्हर्ब्जची, म्हणजे अशा जोडशब्दांनी अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांची, यादी आहे. ‘बेअर आउट’ म्हणजे दुजोरा देणं. हे ‘बेअर’च्या कुठल्याही अर्थावरून ओढूनताणून निघत नाही.

वाक्प्रचार कुठे सापडतील याचा नियम माहीत नसला, तर छापील प्रतीत फार पानं उलटावी लागतात. वाक्प्रचारातल्या पहिल्या अर्थपूर्ण शब्दाखाली पाहायचं: ‘स्पिल द बीन्स’ स्पिलखाली, ‘किक द बकेट’ किकखाली. पण लेट, गो, गुड असे अतिपरिचित शब्द ओलांडून पुढच्या शब्दाकडे जायचं. म्हणून ‘लेट द कॅट आउट ऑफ द बॅग’ कॅटखाली मिळतो.

ब्रिटिश-अमेरिकी फरकाची नोंदही चोख आहे. सभेत ठराव ‘टेबल’ करणं म्हणजे ब्रिटनमध्ये चर्चेला मांडणं आणि अमेरिकेत पुढे ढकलणं. परदेशी कार्यालयाशी पत्रव्यवहार करणाऱ्यांनी ही खूण पाहिल्याशिवाय असा शब्द वापरू नये. ‘पास आउट’चा अर्थ तर प्रत्येक पदवीधराने बघावा. मुख्य अर्थ आहे बेशुद्ध पडणं. प्रशिक्षण संपवून बाहेर पडणं हा ब्रिटिश अर्थ प्रामुख्याने लष्कराशी जोडलेला आहे. अर्जात ‘ग्रॅज्युएटेड’ लिहिलेलं बरं.

उणीव म्हणाल तर व्याख्या सोप्या असल्या तरी इंग्रजीतच आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या आठवी-नववीच्या मुलाला त्या जड जातील. त्याला लाँगमनचा समकालीन इंग्रजीचा कोश आधी द्यावा: त्याच्या व्याख्याही इंग्रजीतच आहेत, पण त्या सुमारे २,००० शब्दांत बसवल्या आहेत आणि संकेतस्थळावर उदाहरणवाक्यं ऐकताही येतात. मेरियम-वेबस्टरचा कॉलेजिएट कोश उत्तमच, पण त्यात अर्थ ऐतिहासिक क्रमाने, जुना आधी असे लावलेले आहेत. पहिलाच अर्थ उचलण्याची सवय असलेल्याची तिथे फसगत होते.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना, शिक्षकांना आणि भाषांतर करणाऱ्यांना ऑक्सफर्डच घ्या असं सांगेन. संकेतस्थळावर अर्थागणिक ए१ (सर्वांत सोपी) ते सी१ (प्रगत) अशा भाषेच्या पातळ्यांच्या खुणा दिसतात. शिक्षकांनी एका शब्दाचे आधी ए आणि बी खुणांचे अर्थ शिकवावेत, बाकीचे मजकुरात येतील तेव्हा. छापील प्रत हवीच असेल, तर २०१५ ची नववी आवृत्ती जुन्या बाजारातून घेतली तरी रोजच्या शब्दांचं काम भागतं.