डापाग्लिफ्लोझिन की फिनेरेनोन: किडनीसाठी आधी कोणती गोळी?

टाइप 2 मधुमेह आहे, लघवीत अल्ब्युमिन हे प्रथिन सापडलंय, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की वाढणारा टाकाऊ पदार्थ) थोडं वर सरकलंय. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा त्याच जातीची गोळी चालू आहे. आता किडनीसाठी आणखी एक गोळी घ्यायची, पण कोणती, हे ठरायचंय. अशा टप्प्यावर असलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितोय.

पर्याय आहेत हीच मोठी गोष्ट आहे. मधुमेहात किडनी खराब होण्याचा वेग टेल्मिसार्टनच्याच जातीच्या लोसार्टन आणि इर्बेसार्टनमुळे मंदावतो, हे 2001 साली सिद्ध झालं. त्यानंतर जवळजवळ दोन दशकं रुग्णाच्या हाती नवं काही पडलं नाही.

डापाग्लिफ्लोझिनचं मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. त्या सालीतून 1835 साली फ्लोरिझिन हा पदार्थ वेगळा काढला गेला, आणि तो दिला की लघवीतून साखर जाते हे एकोणिसाव्या शतकातच कळलं होतं. पण तो आतड्यातून नीट शोषला जात नाही, म्हणून त्याची गोळी झाली नाही. त्याच्या रचनेवरून पुढे ग्लिफ्लोझिन गटातली औषधं बनली, तीही साखर कमी करण्यासाठी. 2008 नंतर अमेरिकेच्या औषध नियामकांनी मधुमेहाची नवी औषधं हृदयाला सुरक्षित आहेत का, याचा पुरावा मागायला सुरुवात केली. त्या चाचण्यांत किडनीही सावरताना दिसली, आणि मग खास किडनीसाठी चाचण्या झाल्या. एवढा पल्ला गाठायला पावणेदोनशे वर्षं लागली.

गाळलेल्या पाण्यातली साखर किडनीच्या नलिका सोडियमसोबत परत रक्तात घेतात. मधुमेहात हे प्रमाण वाढतं, नलिकेत पुढे सोडियम कमी पोचतं, आणि रक्तच कमी येतंय असं समजून किडनी गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी सैल सोडते. गाळणीतला दाब वाढतो आणि वर्षानुवर्षांच्या दाबाने ती झिजते. डापाग्लिफ्लोझिन हे शोषण अडवतं, त्यामुळे दाब उतरतो. दाब उतरला की सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढतं. इथेच अनेक जण घाबरून गोळी बंद करतात, आणि मला याचं फार वाईट वाटतं. ही छोटी वाढ अपेक्षित असते. ती मोठी असेल किंवा वाढतच राहिली, तर मात्र डॉक्टरांनी कारण शोधायला हवं.

फिनेरेनोनचा रस्ता वेगळा आहे. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक पेशीतल्या ज्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) बसून किडनीत दाह आणि व्रणासारखे तंतू वाढवतं, तो ग्राहकच ही गोळी अडवते. जुनं स्पायरोनोलॅक्टोन हेच करतं, पण त्याने पुरुषांची छाती सुजण्याचा त्रास होतो. फिनेरेनोनमध्ये तो फारसा दिसत नाही. रक्तातलं पोटॅशियम वाढण्याचा धोका मात्र राहतो.

आता आकडे. 2020 च्या डापा-सीकेडी चाचणीत 4,304 रुग्ण होते. सुमारे अडीच वर्षांत किडनीची क्षमता निम्म्याहून खाली जाणं, किडनी निकामी होणं किंवा किडनी-हृदयविकाराने मृत्यू, यांतलं काही घडलं ते गोळी घेणाऱ्यांपैकी 9.2 टक्क्यांना आणि न घेणाऱ्यांपैकी 14.5 टक्क्यांना. यातल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना मधुमेह नव्हताच, तरी फायदा झाला. फिनेरेनोनच्या फिडेलिओ चाचणीत सगळे टाइप 2 मधुमेहाचे रुग्ण होते, आणि तिथे हे आकडे 17.8 आणि 21.1 टक्के होते. दोन्ही चाचण्यांचे निकष वेगळे, रुग्ण वेगळे, म्हणून हे आकडे शेजारी ठेवून सरळ वजाबाकी करू नका. दोन्ही गोळ्या खऱ्या आहेत, एवढं मात्र त्यातून नक्की कळतं.

तरी एकच निवडायची असेल तर माझं मत डापाग्लिफ्लोझिनच्या बाजूने आहे. फायदा मधुमेह नसलेल्यांपर्यंत पोचतो, हृदय कमकुवत असेल तर त्यालाही आधार मिळतो, पोटॅशियमची धास्ती नाही. आणि खिशाचा विचार: या औषधाचं भारतातलं पेटंट ऑक्टोबर 2020 मध्ये संपलं आणि स्वस्त भारतीय गोळ्या आल्या. त्याच गटातल्या एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट मार्च 2025 मध्ये संपलं. वर्षानुवर्षं घ्यायची गोळी परवडली नाही, तर संशोधनाचा उपयोग काय?

याचे त्रासही माहीत हवेत. लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. लाजून लपवू नका, उपचार सोपा आहे. उलट्या-जुलाब, ताप, जेवण बंद असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी थांबवायची, आणि ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान 3 दिवस. नवरात्रातल्या निरंकार उपवासालाही हेच लागू. नाहीतर साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो.

फिनेरेनोन दुसऱ्या पायरीवर शोभतं: डापाग्लिफ्लोझिन चालू असून लघवीतलं अल्ब्युमिन उतरत नाही, आणि रक्तातलं पोटॅशियम 5 (मिलिमोल प्रति लिटर) च्या आत आहे. सुरू केल्यावर सुमारे 4 आठवड्यांनी पोटॅशियम तपासायलाच हवं, 5.5 च्या वर गेलं की गोळी थांबते. रक्तदाबासाठी म्हणून आणलेलं कमी सोडियमचं मीठ इथे घातक ठरू शकतं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. शहाळं आणि उपवासाची रताळी-बटाटे यांच्याबद्दलही विचारून घ्या. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा इट्राकोनाझोल हे बुरशीवरचं औषध लिहून दिलं जात असेल, तर फिनेरेनोन चालू असल्याचं त्या डॉक्टरांना सांगा.

दोन्ही एकत्र? 2025 मध्ये कॉन्फिडन्स चाचणीचे निकाल आले. फिनेरेनोन आणि एम्पाग्लिफ्लोझिन सोबत सुरू केल्यावर लघवीतलं अल्ब्युमिन एकेकट्या गोळीपेक्षा स्पष्टपणे जास्त उतरलं. परवडत असेल आणि पोटॅशियम ताब्यात असेल, तर हा विषय डॉक्टरांकडे काढाच.

पण त्याआधी लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराचा अहवाल हातात हवा. नुसत्या क्रिएटिनिनवर हा निर्णय होत नाही, आणि नेमकी हीच साधी तपासणी अनेकांची राहून जाते. टाइप 1 मधुमेह, अनुवंशिक गाठींची (पॉलिसिस्टिक) किडनी किंवा प्रत्यारोपण झालेलं असेल, तर वरचा हिशोब तुम्हाला लागू करू नका. असे रुग्ण डापा-सीकेडी चाचणीत घेतलेच नव्हते.